सुलतानाचं स्वप्न आणि आठ मुलींची शाळा

कलकत्त्याच्या वलीउल्लाह लेनमध्ये १६ मार्च १९११ रोजी एक शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी आठ. शाळा काढणाऱ्या बाई विधवा होत्या आणि स्वतः कधी शाळेत शिकल्या नव्हत्या. त्यांचं नाव रुकैया सखावत हुसैन. बंगालमध्ये त्यांना बेगम रोकेया म्हणतात.

जन्म १८८० चा, रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावी, जमीनदाराच्या घरात. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील अनेक भाषांचे जाणकार, मुलगे कलकत्त्याला शिकायला. मुलींना मात्र इंग्रजी, बंगाली दोन्ही वर्ज्य. गोषा इतका कडक, की पाचव्या वर्षापासून परक्या बायका घरी आल्या तरी रुकैयाला लपून बसावं लागे. थोरली बहीण करीमुन्निसा हिनं तिला बंगाली शिकवलं. भाऊ इब्राहीम रात्री सारं घर झोपलं की दिव्याच्या उजेडात इंग्रजीचा धडा देत. पुढे एक कादंबरी रुकैयांनी या भाईजानांनाच अर्पण केली.

लग्न भागलपूरच्या डेप्युटी मॅजिस्ट्रेटशी झालं. सय्यद सखावत हुसैन बिजवर, वयानं बरेच मोठे. पण बायकोनं लिहावं-वाचावं असं मनापासून वाटणारे. त्या काळी असे नवरे किती असतील? दोन मुली झाल्या, दोन्ही तान्ह्या वयातच गेल्या.

एकदा पती दौऱ्यावर असताना रुकैयांनी वेळ जावा म्हणून इंग्रजीत एक गोष्ट लिहिली, ‘सुलतानाज ड्रीम’. परतल्यावर त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचून संपवली. १९०५ मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती छापून आली.

गोष्टीतली सुलताना आरामखुर्चीत डोळा लागून एका नव्या मुलखात पोहोचते. तिथे पुरुष घरात गोषात आणि बायका बाहेर कारभार करतात. हा उलटा न्याय वाचून हसू येतं, आणि ते यावं म्हणूनच तो लिहिलाय. पण रुकैयांची खरी करामत पुढे आहे. हा मुलूख जादूनं घडलेला नाही. राणीनं आधी मुलींच्या शाळा काढल्या, एकवीस वर्षांच्या आत लग्नाला बंदी केली, मग बायकांची दोन विद्यापीठं उभी राहिली. एकीनं ढगांतून नळीनं पाणी उतरवण्याची युक्ती काढली, दुसरीनं सूर्याची उष्णता साठवण्याची. पुरुष तेव्हा फौजफाटा वाढवण्यात दंग होते आणि या उद्योगांना हसत होते. शत्रू चालून आला, फौज हरली; तेव्हा विद्यापीठाच्या बायकांनी साठवलेल्या सूर्यकिरणांचा झोत टाकून त्याला पळवून लावलं. स्वयंपाकघरात ना कोळसा, ना धूर. चुलीचं काम ऊन करतं. शेती विजेवर. कचेरीचं काम दोन तासांत उरकतं, कारण बायका चिरूट ओढण्यात वेळ घालवत नाहीत! शिर्डीच्या प्रसादालयात आज सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. ही बाई ते एकशेवीस वर्षांपूर्वी गोषात बसून लिहीत होती.

१९०९ मध्ये पती वारले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये बाजूला ठेवले होते. त्याच वर्षी रुकैयांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. पण मालमत्तेच्या वादापायी घर, गाव सोडावं लागलं. कलकत्त्यात त्या घरोघर फिरल्या, आईबापांच्या विनवण्या केल्या. मुली गोषातच येतील-जातील, हे कबूल केलं. शाळेची मोटारगाडी अशी बंदिस्त करून घेतली की आत काळोख आणि गुदमरणाऱ्या मुली. मग जाळ्या काढून पडदे लावले, तर वाऱ्यानं पडदा उडतो म्हणून धमकीची पत्रं आली. हे सारं त्यांनी ‘अवरोधवासिनी’त लिहून ठेवलंय. सत्तेचाळीस हकिकतींचं हे पुस्तक हसवतं आणि बोचतंही.

ज्या बाईनं कागदावर पुरुषांना गोषात बसवलं, तिनं प्रत्यक्षात स्वतः बुरखा घेतला आणि मुलींच्या गाडीला पडदे लावले. काहींना ही माघार वाटते. मला नाही वाटत. राणीकडे हुकूम होता. रुकैयांकडे फक्त आईबापांचा विश्वास होता, आणि तो गेला असता तर वर्ग रिकामे पडले असते. इल्म मिळवणं स्त्री-पुरुष दोघांवर फर्ज आहे, ही पैगंबर साहेबांची शिकवण त्या समाजापुढे पुन्हा पुन्हा मांडत राहिल्या. मुलींना शाळेपासून रोखणारे धर्माचं नव्हे, रूढीचं पालन करतात, असं त्यांचं सांगणं. शाळेत कुरआन होतं, भाषा होत्या, शिवण, शुश्रूषा आणि व्यायामही.

१९१६ मध्ये त्यांनी गरीब, निराधार मुस्लिम बायकांसाठी अंजुमन-ए-ख़वातीन-ए-इस्लाम सुरू केली. १९२४ च्या ‘पद्मराग’ कादंबरीत तर त्यांनी दुसरा मुलूख रचला: तारिणी भवन. घरानं टाकलेल्या हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, ब्राह्मो बायका तिथे एकत्र राहतात, शिकवतात, कमावतात. इथे सूर्याचा झोत नाही, ढगांतलं पाणी नाही. शाळा, दवाखाना आणि हाताला काम, एवढंच. पहिली गोष्ट लिहिली तेव्हा त्यांनी शाळा चालवली नव्हती. दुसरी छापून आली तेव्हा तेरा वर्षं कलकत्त्यातली शाळा चालवून झाली होती.

सखावत मेमोरियल शाळा कलकत्त्यात आजही भरते. ९ डिसेंबर १९३२ रोजी रुकैया गेल्या, तेव्हा स्त्रियांच्या हक्कांवरचा त्यांचा लेख अर्धवट राहिला होता.