जेट बोटवाले बिल हॅमिल्टन आणि अडकलेला कचरा

१९७७ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी गंगासागरहून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध हिमालयाकडे निघाले, ते जेट बोटींतून. या बोटी ज्यांच्यामुळे शक्य झाल्या, ते न्यूझीलंडचे बिल हॅमिल्टन.

जन्म १८९९ चा. १९२१ मध्ये त्यांनी आयरिशमन क्रीक नावाचं मेंढ्यांचं फार्म घेतलं आणि तिथेच वर्कशॉप थाटलं. वीज हवी म्हणून धरण बांधायला घेतलं, तर माती उकरायचं यंत्रही स्वतःच बनवलं!

तिकडच्या नद्या पसरट, उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. साध्या बोटीचा प्रोपेलर खाली लोंबतो, दगडाला लागला की तुटतो. १९५० च्या दशकात हॅमिल्टन यांनी यावर काम सुरू केलं. पाण्याच्या झोताची कल्पना जुनीच होती. त्यांनी पाणी फेकणारं नोझल बोटीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर आणलं आणि वेग वाढला. १९६० मध्ये त्यांच्या बोटी ग्रँड कॅनियनमधून कोलोरॅडो नदीच्या उलट दिशेने वर गेल्या.

पण मी सॉफ्टवेअरवाला. एक बग काढला की दुसरीकडे नवा निघतो, हे रोजचंच. इथेही तसंच झालं. प्रोपेलर वाचला, पण पंप तळातून पाणी ओढतो, सोबत शेवाळ, काटक्या, गोटेही. तोंडाशी जाळी असते. ती तुंबली किंवा आतल्या इम्पेलरमध्ये काही अडकलं, की इंजिन जोरात फिरतं, बोट मात्र सरकत नाही. आणि जेट बोट वळते ती झोतामुळेच. म्हणजे झोत गेला की स्टिअरिंगही गेलं, तेही वाहत्या पाण्यात!

मग करायचं काय? जमेल तसं शांत पाण्यात यायचं आणि इंजिन बंद करायचं. ओढ थांबली की जाळीवरचा कचरा बऱ्याचदा आपोआप गळून पडतो. नाही पडला, तर किल्ली काढून खिशात ठेवायची आणि मगच पंपावरचं झाकण उघडून हाताने साफ करायचं. झाकण पाण्याच्या पातळीखाली असेल तर बोट आधी किनाऱ्यावर ओढायची. इंजिन चालू असताना आत हात? कधीच नाही.

हॅमिल्टन यांना १९७४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. १९७८ मध्ये ते गेले. मला त्यांच्याकडून एक गोष्ट पटली: बिघाड पूर्णपणे टळत नाही. तो निदान हात पोहोचेल अशा जागी आणता येतो.