पारितोषिक मिळाले, नाव लपवून

१९४१ साली अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनच्या कोरकोरन कलादालनातील स्पर्धेत एका चित्राला पारितोषिक मिळाले. ते घ्यायला चित्रकर्ती स्वतः जाऊ शकल्या नाहीत. त्या कृष्णवर्णीय होत्या आणि कृष्णवर्णीयांना त्या स्पर्धेत प्रवेशच नव्हता. चित्र दाखल केले होते सेलीन ताबारी या त्यांच्या गोऱ्या फ्रेंच मैत्रिणीने. चित्रकर्तीचे नाव लोइस मेलू जोन्स.

त्यांचा जन्म १९०५ चा, बोस्टनमधला. वडील इमारतीची देखरेख करीत करीत कायदा शिकून वकील झाले. लोइस यांनी बोस्टनच्या नामवंत कलाशाळेत शिक्षण घेतले. सुरुवातीला त्या कापडावरची नक्षी करीत. नक्षी घरोघरी पोचली, पण कापडावर नाव कुणाचेच नसे. नाव हवे म्हणून त्या चित्रकलेकडे वळल्या. शिकल्या त्याच शाळेत नोकरी मागितली, तर दक्षिणेत जाऊन आपल्या लोकांना शिकव, असा सल्ला मिळाला. असे गोड सल्ले आम्हांला नवे नाहीत. त्या मात्र खरोखरच दक्षिणेत गेल्या. नॉर्थ कॅरोलिनातील कृष्णवर्णीयांच्या पामर संस्थेत त्यांनी कला विभाग उभा केला आणि १९३० पासून १९७७ पर्यंत वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवले. तब्बल ४७ वर्षे! एलिझाबेथ कॅटलेट, डेव्हिड ड्रिस्केल हे त्यांचेच विद्यार्थी.

१९३७ मध्ये त्या पॅरिसला गेल्या. तिथे १९३८ साली त्यांनी 'ले फेतिश' रंगवले. काळोखातून वर येणारे आफ्रिकी मुखवटे, एवढाच त्याचा विषय. पिकासो, मातिस यांनी हेच मुखवटे पाहून आपली कला घडवली आणि जगाने त्यांना आधुनिक म्हटले. मुखवटे कोरणारे हात मात्र अनामिकच राहिले. त्या हातांची वारसदार स्वतः कुंचला घेऊन उभी राहते, ही गोष्ट आम्हांला त्या चित्राच्या रंगरेषांहून मोठी वाटते.

१९५३ मध्ये हैतीचे चित्रकार पिएर-नोएल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हैती म्हणजे गुलामांनी बंड करून स्वतंत्र केलेला देश. तिथले बाजार, डोक्यावर ओझे घेतलेल्या बाया, व्होडू विधीत जमिनीवर पिठाने रेखल्या जाणाऱ्या आकृत्या त्यांच्या चित्रांत आल्या आणि रंग एकदम भडक, मोकळे झाले. पुढे १९७० मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, त्या आफ्रिकेतील ११ देश फिरल्या. तिथल्या कलावंतांना भेटल्या, त्यांच्या कामाच्या स्लाइड्स जमवून हॉवर्डच्या विद्यार्थ्यांसाठी आणल्या. शिक्षिका निवृत्तीच्या वयातही शिकतच होती.

१९९४ मध्ये त्याच कोरकोरन कलादालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि उद्घाटनाच्या वेळी कलादालनाने त्यांची जाहीर माफी मागितली. पारितोषिकाला तेव्हा ५३ वर्षे झाली होती, त्या नव्वदीला टेकल्या होत्या. ९ जून १९९८ रोजी वॉशिंग्टनमध्येच त्यांचे निधन झाले.