सोयाबीनवरील अळीला नाव देणारे फॅब्रिशियस

परभणी जिल्ह्यात सोयाबीनची पाने जाळीदार दिसू लागली, की बहुधा ती करामत तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीची असते. तिच्या पतंगाला ‘लिट्युरा’ हे नाव १७७५ मध्ये डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस यांनी दिले. आज तो ‘स्पोडोप्टेरा लिट्युरा’ म्हणून ओळखला जातो.

फॅब्रिशियस यांचा जन्म ७ जानेवारी १७४५ चा. स्वीडनमधील उप्साला येथे ते लिनियस यांच्याकडे शिकले. गुरूंनी कीटकांची विभागणी मुख्यतः पंखांवरून केली होती. शिष्याने ती तोंडाच्या रचनेवरून केली. लंडनला वारंवार जाऊन त्यांनी तिथले संग्रह अभ्यासले आणि सुमारे दहा हजार कीटकांचे वर्णन केले. कील विद्यापीठात ते निसर्गशास्त्राबरोबर अर्थशास्त्रही शिकवत. ३ मार्च १८०८ रोजी त्यांचे निधन झाले.

कीड कशी खाते, हा प्रश्न शेतातही मोलाचा आहे. पांढरी माशी रस शोषते, ही अळी पाने कुरतडते. म्हणून दोघींवरचे औषध एक नसते. या अळीची अंडी पुंजक्यात असतात आणि लहान अळ्याही सुरुवातीला एकाच पानावर घोळक्याने राहतात. तेव्हाच ती पाने तोडून नष्ट केली, तर फवारणीचा खर्च वाचू शकतो.