नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ते रेव्हरंड टिळक या नावानेही ओळखले जातात. बालांसाठी व निसर्गावर लिहिलेल्या कवितांमुळे त्यांना फुलामुलांचे कवी म्हटले जाते. इ.स. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरच्या आयुष्याचा बराचसा काळ त्यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे व त्याच जिल्ह्यातील राहुरी येथे घालवला. ईश्वराची इच्छा ओळखणे आणि ती पटल्यावर रोजच्या व्यवहारात विनाविलंब आचरणात आणणे हे त्यांच्या ख्रिस्ती जीवनाचे प्रमुख सूत्र मानले जाते. या आज्ञापालनाची किंमत त्यांच्याबरोबर त्यांच्या कुटुंबालाही द्यावी लागली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातून त्या किंमतीची जवळून कल्पना येते.

पूर्वायुष्य

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे होते, तर आई जानकीबाई भक्तिमार्गी होत्या. काव्याची आणि ईश्वरभक्तीची ओढ टिळकांना आईकडून मिळाली. आईच्या निधनानंतर त्यांनी लहान वयातच घर सोडले व ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र त्यांना पूर्ण करता आले नाही.

इ.स. १८८० मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले कुटुंबातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी त्यांचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. विवाहसमयी त्यांचे वय सुमारे अकरा वर्षांचे होते. पुढील काळात टिळकांनी शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक अशी निरनिराळी कामे केली. परंतु ते एका ठिकाणी फार काळ स्थिरावले नाहीत. इ.स. १८९१ च्या सुमारास ते नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास होते. तेथे त्यांनी संस्कृत ग्रंथांसंबंधीचे काम केले आणि 'ऋषि' या मासिकाचे संपादन केले. जातिभेद व मूर्तिपूजा यांविषयी त्यांच्या मनात याच सुमारास प्रश्न निर्माण झाले होते. देशाच्या उन्नतीसाठी धर्माची नवी मांडणी आवश्यक आहे, असे त्यांचे मत बनत चालले होते.

धर्मांतर

इ.स. १८९३ मध्ये टिळक नोकरीच्या निमित्ताने राजनांदगाव संस्थानाकडे रेल्वेने जात होते. प्रवासात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली. दोघांमध्ये प्रथम संस्कृत काव्याविषयी आणि मग धर्माविषयी बोलणे झाले. निरोप घेताना वॉर्ड यांनी त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि ते दोन वर्षांत ख्रिस्ती होतील, असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत पटले नाही. मात्र पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते व ते पाळले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर त्यांच्या अनेक प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे मिळाली.

बुद्धीला पटलेली गोष्ट आचरणात आणणे त्यांना तितके सोपे गेले नाही. बाप्तिस्मा घेतल्यास पत्नी, मूल, आप्तेष्ट आणि उपजीविका या सर्वांना मुकावे लागेल, याची त्यांना जाणीव होती. तरीही १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबई येथे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला. हा संस्कार रेव्हरंड तुकाराम नथोजी या भारतीय पाळकाच्या हस्ते झाला.

या घटनेचा लक्ष्मीबाईंना मोठा धक्का बसला. त्या आपला लहान मुलगा दत्तू याच्यासह नातेवाइकांकडे राहू लागल्या. त्यानंतर काही वर्षे पती-पत्नी विभक्त होते. या काळात टिळक पत्रांतून आणि कवितांतून त्यांच्याशी संपर्क ठेवून होते.

अहमदनगर व राहुरी

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला आले. अमेरिकन मराठी मिशनने या शहरात इ.स. १८३१ मध्ये काम सुरू केले होते आणि मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इ.स. १८४२ मध्ये येथूनच निघाले होते. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या देखरेखीखालील ईश्वरविज्ञान विद्यालयात टिळकांनी अध्यापन केले. इ.स. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या. त्यांनी लगेच धर्मांतर केले नाही. आरंभी त्या आपला स्वयंपाक-पाणी वेगळे ठेवून सोवळे पाळत होत्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. माणसामाणसांतील भेद ईश्वराने निर्माण केलेला नाही, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि त्यांनी जातीची बंधने सोडली. इ.स. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ईश्वराची हाक प्रत्येकाने स्वतः ऐकावी, ती दुसऱ्याच्या वतीने ऐकता येत नाही, ही टिळकांची भूमिका या प्रसंगातून दिसून येते.

राहुरीच्या वास्तव्यात दुष्काळामुळे निराधार झालेल्या मुलांना टिळकांच्या घरी आसरा मिळाला. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी रुग्णांची सेवा केली. गरजू माणूस दारी आल्यास त्याला ईश्वरानेच पाठवले आहे, अशी टिळकांची समजूत असे. त्यामुळे हातातील पैसा पुष्कळदा देण्यातच संपत असे आणि घर चालवण्याची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर येत असे. पतीचा उतावळा व तापट स्वभाव, त्याचे औदार्य आणि त्यातून उद्भवणाऱ्या अडचणी यांचे वर्णन लक्ष्मीबाईंनी विनोदाची कास न सोडता केले आहे.

बालकवी या नावाने प्रसिद्ध असलेले कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनाही टिळकांनी अहमदनगर येथे आपल्या घरी आश्रय दिला. इ.स. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात या तरुण कवीचे गुण पुढे आले होते. ते ठोमरे टिळक कुटुंबात घरच्या मुलासारखे राहिले. त्यांच्यावर धर्मांतर लादले गेले नाही.

साहित्य

'वनवासी फूल' ही टिळकांची दीर्घ कविता प्रसिद्ध आहे. 'केवढें हें क्रौर्य!' ही शिकाऱ्याने घायाळ केलेल्या पक्षिणीवरील कविता अनेक पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांतून वाचली गेली. इ.स. १९१२ पासून मृत्यूपर्यंत ते 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते.

मराठी ख्रिस्ती मंडळीत तोपर्यंत परकीय चालींवरील अनुवादित गीते मोठ्या प्रमाणावर गायली जात. टिळकांनी अभंग, ओवी, भजन व कीर्तन हे प्रकार उपासनेत आणले. अहमदनगर परिसरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी ती अधिक रुंद केली. संत तुकारामांच्या अभंगांमुळे आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानत. त्यांची गीते 'उपासना संगीत' या गीतसंग्रहाद्वारे मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. 'अभंगांजली'तील रचनांमध्ये ख्रिस्त हा गुरू, सखा आणि माउली या रूपांत येतो. त्याच्याशी अखंड संवाद ठेवणे व आपली इच्छा त्याच्या इच्छेत विलीन करणे, हा त्यांतील मुख्य भाव आहे.

ख्रिस्ताच्या चरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळकांच्या हातून अपूर्ण राहिले. त्यांनी सुमारे दहा अध्याय रचले होते. उर्वरित बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर इ.स. १९३८ मध्ये प्रकाशित झाला.

देवाचा दरबार

इ.स. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निर्णय घेतला. ख्रिस्ताची आपल्याला तशी आज्ञा आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्न वर्षांचे होते आणि उत्पन्नाचे दुसरे निश्चित साधन नव्हते. अहमदनगर सोडून ते सातारा येथे गेले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. परदेशी मिशनांवर अवलंबून नसलेली, भारतीय वळणाची ख्रिस्ती मंडळी उभी राहावी, हा त्यामागचा हेतू होता. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना समान स्थान देण्याची कल्पना ख्रिस्ती समाजातील सर्वांना मान्य झाली नाही.

हा प्रयोग मुळे धरण्यापूर्वीच टिळकांची प्रकृती खालावली. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिवाचे दफन न करता दहन करण्यात आले.

मूल्यमापन

टिळकांचा दरबार त्यांच्यानंतर फार काळ टिकला नाही; मात्र त्यांनी रूढ केलेली देशी उपासनापद्धती मराठी ख्रिस्ती समाजात स्थिर झाली. इ.स. १८९५ व इ.स. १९१७ या दोन्ही वेळी त्यांनी ईश्वराची आज्ञा मानून निश्चित आधार सोडला. त्या निर्णयांचा भार पहिल्या वेळी लक्ष्मीबाईंवर त्यांची संमती नसताना पडला. पुढे त्यांनी स्वतःच्या श्रद्धेने हा मार्ग पत्करला आणि पतीचे अपूर्ण काव्य पूर्ण करण्याचे काम अखेरपर्यंत केले. त्यामुळे टिळकांच्या धर्मजीवनाचा विचार या दोघांच्या सहजीवनाचा विचार केल्याशिवाय पूर्ण होत नाही.