सत्येंद्रनाथ बोस : पुंजगणना आणि मातृभाषा

विसाव्या शतकातील भौतिकीच्या इतिहासात सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव एका चार पानी निबंधामुळे अढळ झाले आहे. बंगाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला तेच नाव एका मासिकामुळे आणि मातृभाषेतून विज्ञान शिकविण्याच्या आग्रहामुळे परिचित असते. चरित्रकार या दोन गोष्टी बहुधा दोन स्वतंत्र प्रकरणांत सांगतात. तरुणपणी संशोधक आणि उतारवयात लोकशिक्षक, अशी त्यांची विभागणी असते. ही विभागणी सोयीची असली तरी पुरती खरी नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दोहोंचा उगम एकाच ठिकाणी सापडतो, आणि ते ठिकाण म्हणजे विद्यार्थ्यांनी भरलेला वर्ग होय.

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यात झाला. वडील सुरेंद्रनाथ ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीत होते. आईचे नाव आमोदिनी. सात भावंडांत ते थोरले आणि एकुलते पुत्र. हिंदू स्कूलमधील शिक्षणानंतर १९०९ साली ते प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. तेथे जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे त्यांचे अध्यापक होते, तर मेघनाद साहा हे सहाध्यायी. १९१५ साली मिश्र गणित या विषयात सत्येंद्रनाथ एम्.एस्सी.ला पहिले आले आणि साहा दुसरे.

सर आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठात नुकतेच विज्ञान महाविद्यालय उभे केले होते. या दोघा तरुणांना त्यांनी तेथे अध्यापनासाठी बोलावले. शिकवायची होती ती युरोपात घडत असलेली नवी भौतिकी. पण युद्धामुळे जर्मन ग्रंथ व नियतकालिके येथवर पोहोचत नव्हती. जी काही पुस्तके मिळाली, ती शिवपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक ब्र्यूल यांच्या खाजगी संग्रहातून. ती वाचण्यासाठी जर्मन भाषा शिकणे भाग होते, आणि ती त्यांनी शिकून घेतली. याच परिश्रमातून १९२० साली एक पुस्तक निघाले. आइन्स्टाइन व मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील मूळ निबंधांचा साहा व बोस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ऐतिहासिक प्रस्तावना जोडली होती. या विषयावरील इंग्रजीतील अगदी आरंभीच्या अनुवादांत त्याची गणना होते. सत्येंद्रनाथांच्या कीर्तीला कारण झालेल्या घटनेचा आरंभ असा एका अनुवादाने झाला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

१९२१ साली ढाका विद्यापीठ स्थापन झाले आणि सत्येंद्रनाथ तेथे भौतिकीचे प्रपाठक म्हणून गेले. वर्गात शिकवावयाच्या विषयांत प्लांकचा प्रारणविषयक नियम होता. तापलेल्या बंद पोकळीत जे प्रारण कोंडलेले असते, त्याची ऊर्जा निरनिराळ्या कंप्रतांमध्ये कशी वाटली जाते, हा त्यातील मूळ प्रश्न. अभिजात भौतिकीचा हिशोब असा की, तरंगांच्या प्रत्येक कंपनप्रकाराला ऊर्जेचा सारखाच वाटा मिळावा. परंतु कंप्रता वाढत जाईल तसतशी कंपनप्रकारांची संख्याही बेसुमार वाढते. त्यामुळे एकूण ऊर्जा अनंत व्हावी, असा विपरीत निष्कर्ष हाती येतो. १९०० साली प्लांक यांनी यातून मार्ग काढला. ऊर्जेची देवघेव सलग होत नसून ठराविक पुंजांनी होते, आणि प्रत्येक पुंजाचे मान कंप्रतेच्या प्रमाणात असते, असे त्यांनी गृहीत धरले. त्यावरून आलेले सूत्र प्रयोगांशी तंतोतंत जुळले.

सूत्र बरोबर होते. त्याची उपपत्ती मात्र सदोष होती. तिच्यात दोन अवयव होते. एका कंप्रतेच्या आसपास किती कंपनप्रकार आहेत हे अभिजात तरंगसिद्धांताने मोजायचे, आणि त्यातील प्रत्येकाची सरासरी ऊर्जा मात्र पुंजकल्पनेने काढायची, अशी ती रीत होती. एकाच वाक्याचा पूर्वार्ध एका व्याकरणाने आणि उत्तरार्ध त्याच्याशी विसंगत अशा दुसऱ्या व्याकरणाने रचावा, तसा हा प्रकार झाला. खुद्द आइन्स्टाइन यांच्यासह अनेकांना ही विसंगती खटकत होती. सत्येंद्रनाथांना ती खटकली, ती विद्यार्थ्यांसमोर उभे राहून तीच उपपत्ती सांगावी लागत असल्यामुळे. स्वतःचे समाधान झाले नाही ते दुसऱ्याला शिकविणे त्यांच्या मनाला पटत नव्हते.

त्यांनी तरंगांना बाजूला ठेवले आणि प्रारण म्हणजे प्रकाशकणांचा वायू होय, या कल्पनेपासून थेट सुरुवात केली. कणाचे स्थान व संवेग मिळून जो अमूर्त अवकाश होतो, त्याचे त्यांनी प्लांकच्या स्थिरांकाच्या घनाएवढ्या मापाचे कप्पे पाडले. या कप्प्यांची गणती केली असता, पूर्वी तरंगसिद्धांताकडून उसना घ्यावा लागणारा अवयव आपोआप हाती आला. पुढचा प्रश्न कप्प्यांत कण कसे वाटायचे याचा होता, आणि त्यांच्या विचारातील खरी क्रांती येथेच आहे. कोणता कण कोणत्या कप्प्यात आहे, हे त्यांनी विचारलेच नाही. रिकामे कप्पे किती, एक कण असलेले किती, दोन असलेले किती, एवढेच त्यांनी मोजले.

साहित्याच्या वाचकाला हा भेद एका शब्दावरून समजावून घेता येईल. 'कनक' हा शब्द छापताना जुळारी 'क' अक्षराचे दोन खिळे वापरतो. त्या दोन खिळ्यांची अदलाबदल केली, तर जुळाऱ्याच्या दृष्टीने ती वेगळी जुळणी होईल. वाचणाऱ्याला मात्र तोच शब्द दिसेल. अभिजात भौतिकी जुळाऱ्याप्रमाणे मोजते. तिच्या मते प्रत्येक कणाला स्वतःची ओळख असते, मग ती आपल्याला दिसो वा न दिसो. बोस यांची गणना वाचकाची आहे. दोन कण दोन कप्प्यांत ठेवायचे झाल्यास अभिजात गणनेने चार प्रकार होतात आणि दोन्ही कण एकाच कप्प्यात सापडण्याची शक्यता निम्मी असते. बोस-गणनेने तीनच प्रकार होतात आणि तीच शक्यता दोन-तृतीयांश होते. म्हणजे हे कण एकत्र येण्याकडे अधिक झुकतात. मोजण्याची रीत बदलल्याने निसर्गाचे वर्णनच बदलले. आपण इतके मूलगामी काही केले आहे याची जाणीव आपल्याला त्या वेळी नव्हती, असे सत्येंद्रनाथांनी पुढे प्रांजळपणे मान्य केले आहे.

हा निबंध इंग्रजीत लिहिलेला होता. इंग्लंडमधील नियतकालिकाकडे पाठवूनही तो तेथे छापला गेला नाही. ४ जून १९२४ रोजी त्यांनी तो थेट आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला, आणि योग्य वाटल्यास जर्मनमध्ये प्रसिद्ध करण्याची विनंती केली. आपण त्यांचे पूर्वीचे अनुवादक आहोत, याचेही स्मरण पत्रात दिले होते. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद केला, गौरवपर टीप जोडली, आणि त्याच वर्षी तो 'त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिझिक' या नियतकालिकात छापून आणला. चार वर्षांपूर्वीचा अनुवादक आता अनुवादित लेखक झाला होता. लगोलग पाठविलेला दुसरा निबंधही आइन्स्टाइन यांनी अनुवादित केला, पण त्याच्याशी आपली असहमती नोंदवूनच. पहिल्या निबंधातील गणना त्यांनी पदार्थांच्या अणूंना लावली. अतिशय नीच तापमानास असंख्य अणू एकाच अवस्थेत गोळा व्हावेत, असे भाकीत त्यांनी त्यावरून केले.

या यशामुळे ढाका विद्यापीठाने त्यांना युरोपात जाण्यासाठी रजा दिली. पॅरिसमध्ये ते मादाम क्यूरी यांना भेटले. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायचे तर आधी फ्रेंच नीट शिकून घ्यावे, असे बाईंनी त्यांना इंग्रजीतून समजावले. ती भाषा आपल्याला येते, हे सांगण्याचा धीर मात्र त्या भिडस्त गृहस्थाला झाला नाही. मॉरिस द ब्रॉय यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम करून ते १९२५ साली बर्लिनला गेले आणि तेथे आइन्स्टाइन यांची भेट झाली. १९२६ साली ते परतले. डॉक्टरेट नसतानाही ढाका विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केले. आइन्स्टाइन यांची शिफारस त्या कामी आली.

त्यानंतरच्या काळात त्यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन संख्येने थोडे आहे, आणि हा आक्षेप त्यांच्यावर वारंवार घेतला गेला. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. त्यांचा जीव अनेक विषयांत रमे. ते इसराज वाजवीत, साहित्यिकांच्या बैठकांत रंगत, विद्यार्थ्यांच्या अडचणींना तासन् तास देत; आणि सुटलेले प्रश्न लिहून काढण्याचा मात्र त्यांना कंटाळा असे. सुधींद्रनाथ दत्त यांच्या 'परिचय' या नियतकालिकात त्यांनी नव्या भौतिकीतील पेचावर बंगालीत निबंध लिहिला. १९३७ साली रवींद्रनाथांनी आपले 'विश्वपरिचय' हे विज्ञानविषयक पुस्तक त्यांना अर्पण केले.

१९४५ साली ते कलकत्ता विद्यापीठात परतले आणि १९४८ साली त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. तिचे मुखपत्र 'ज्ञान ओ विज्ञान' त्याच वर्षी निघाले. बंगालीत विज्ञानलेखन नवे नव्हते. अक्षयकुमार दत्त, रामेंद्रसुंदर त्रिवेदी आणि खुद्द जगदीशचंद्र यांनी ती वाट घालून दिलेली होती. सत्येंद्रनाथांची मागणी याहून मोठी होती. लोकरंजनापुरते विज्ञान बंगालीत यावे एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. उच्च शिक्षण आणि संशोधनही त्या भाषेत व्हावे, असे ते म्हणत. परिभाषा आधी सिद्ध होऊ द्या, मग शिकवू, हा युक्तिवाद त्यांना मान्य नव्हता. रूढ इंग्रजी संज्ञा खुशाल तशाच ठेवाव्यात, शब्द वापराने घडत जातील, अशी त्यांची भूमिका होती. १९६२ साली जपानला गेले असता तेथील शास्त्रज्ञ गहन विषयांची चर्चा जपानीत करतात हे त्यांनी पाहिले, आणि ही भूमिका अधिकच दृढ झाली. १९६३ साली परिषदेने रसायनज्ञ, कोशकार व विनोदी कथाकार राजशेखर बसू यांच्या नावाने जो विशेषांक काढला, त्यात केवळ मूळ संशोधननिबंध होते आणि ते सर्व बंगालीत होते.

हा प्रयत्न पूर्णतः सफल झाला असे म्हणता येत नाही. बंगालमधील विज्ञानाचे उच्च शिक्षण इंग्रजीतच राहिले. १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचा वारसा सांगणाऱ्या आणि १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन करणाऱ्या महाराष्ट्राचा अनुभवही याहून फारसा वेगळा नाही. परंतु त्यांच्या आग्रहाचे मूळ पाहिले म्हणजे यशापयशाचा हिशोब गौण ठरतो. उसन्या सिद्धांतावर उभी असलेली उपपत्ती विद्यार्थ्याला देणे त्यांना अप्रामाणिक वाटले, तसेच पाठ केलेल्या परक्या भाषेत संकल्पना देणेही अपुरे वाटले. विद्यार्थ्याला खरोखर समजले काय, हा एकच प्रश्न दोन्ही ठिकाणी त्यांच्यासमोर होता.

राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व, १९५४ साली पद्मविभूषण, विश्वभारतीचे कुलगुरुपद, १९५८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९५९ पासून राष्ट्रीय प्राध्यापकपद असे सन्मान त्यांना लाभले. नोबेल पारितोषिक मात्र मिळाले नाही. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. आइन्स्टाइन यांचे भाकीत प्रत्यक्ष अणुवायूत पडताळून पाहायला त्यानंतर एकवीस वर्षे लागली. १९९५ साली अमेरिकेत रुबिडियमच्या अणूंवर तो प्रयोग साधला. त्यांची गणना पाळणाऱ्या सर्व कणांना डिरॅक यांनी 'बोसॉन' हे नाव दिले. प्रत्येक भाषेतला विद्यार्थी ते नाव आज उच्चारतो. त्यामागचा अर्थ त्याला त्याच्या भाषेत सांगण्याचे काम सत्येंद्रनाथ आपल्यावर सोपवून गेले आहेत.