वेळापत्रकात नमस्कार आणणारा राजा

दिवाळीनंतर अकोल्याला मुलीकडे गेलो होतो. नातू तिसरीत आहे. त्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर शाळेचे वेळापत्रक चिकटवलेले होते. बुधवारी आणि शनिवारी शेवटचा तास पी.टी.चा. शनिवारी तो घरी आला तेव्हा मी सहज विचारले, आज काय खेळलात? दप्तर कोपऱ्यात टाकत तो म्हणाला, आज गणित झाले. आणि बुधवारी? बुधवारी वह्या पूर्ण करायच्या होत्या. सांगताना त्याला काहीही खटकत नव्हते. राहिलेला अभ्यास उरकण्याचा तास म्हणजे पी.टी., अशीच त्याची समजूत झालेली.

त्याच्या बाईंवर रागावण्याचे मला कारण दिसेना. एका वर्गाचे सगळे विषय त्यांनीच शिकवायचे, चाचण्या घ्यायच्या, माहितीचे तक्ते भरायचे. कुठला तरी तास कापायचा, तर ज्याची परीक्षा नाही तोच कापला जाणार. बँकेत मीही तेच केले. मार्च अखेरच्या नावाखाली सकाळचे फिरणे बंद केले, ते निवृत्तीपर्यंत सुरूच झाले नाही. आता साखरेची गोळी घेताना त्याचा हिशेब लागतो.

खरे तर आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना व्यायामाचे महत्त्व कोणी सांगायला नको. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा सुरू केला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. हुतात्मा राजगुरूंनी इथे व्यायामाचे धडे घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. पण आखाड्याच्या दारात येतो तो मुळात ओढ असलेला मुलगा. ज्याला ओढ नाही, ज्याच्या घरी कोणी सांगणारे नाही, आणि जी मुलगी आहे म्हणून त्या काळी आखाड्याकडे फिरकणारच नाही, त्यांचे काय? त्यांना गाठायचे तर एकच जागा, ती म्हणजे शाळा. हे ज्याने ओळखले आणि करून दाखवले, तो माणूस आपल्याकडचा नव्हता. तो सातारकडचा एक संस्थानिक होता. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी.

हे औंध पुण्याजवळचे नव्हे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेले हे गाव. संस्थान म्हणायचे ते अवघ्या ७२ गावांचे, आणि तीही सलग नव्हेत. काही साताऱ्यात, काही आटपाडीकडे माणदेशात, काही विजापूरच्या बाजूला. पाऊस कमी, तिजोरी बेताची. अशा घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी भवानरावांचा जन्म झाला. धाकटी पाती असल्याने गादी आपल्याकडे येईल अशी फारशी आशा नव्हती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते शिकले, पदवीधर झाले. चित्रकलेची आवड होती आणि कीर्तनाचीही. व्यायामाचे वेड मात्र या सगळ्यांहून जुने.

त्या काळी युजेन सँडो नावाच्या युरोपियन पहिलवानाचे नाव जगभर गाजत होते. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. भवानरावांनी त्याची पुस्तके आणि साधने त्याच्याही आधी मागवली होती. सुमारे दहा वर्षे त्यांनी नेमाने त्या पद्धतीचा व्यायाम केला आणि शरीर कमावले. पण मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांचा सूर्यनमस्काराचा पाठ होता. त्यांच्या आग्रहाने १९०८ च्या सुमारास भवानराव नमस्कारांकडे वळले. अनुभव घेतला आणि सँडोची साधने बाजूला ठेवली. शरीर कमावण्यापेक्षा ते म्हातारपणापर्यंत चालते ठेवणे मोठे, हे त्यांना पटले. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सँडोची साधने राजाला परवडत होती. नमस्काराला साडेतीन हात जमीन आणि पंधरा-वीस मिनिटे पुरत. ७२ गावांच्या गरीब संस्थानात सगळ्यांना देता येईल असा दुसरा व्यायाम नव्हता.

आणि मग १९०९ मध्ये अनपेक्षितपणे गादीच त्यांच्याकडे आली. राजा झाल्यावर त्यांनी शिकारखाना वाढवला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळ माळरान दिले आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकरांना औंधात आसरा दिला. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घ्यावी म्हणून १९१८ मध्ये एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. आणि संस्थानातल्या शाळांच्या वेळापत्रकात सूर्यनमस्कार घातले. मुलांसाठी तसेच मुलींसाठीही.

नुसता हुकूम काढून ते थांबले असते, तर त्या तासाचेही पुढे गणितच झाले असते. भवानरावांनी तीन गोष्टी केल्या. शिक्षकांनाही नमस्कार घालायला लावले. घरात राणीसाहेबांपासून मुलांपर्यंत सगळ्यांना त्या पाठात ओढले. आणि स्वतः गावोगाव जाऊन लोकांपुढे नमस्कार घालून दाखवले. राजा अंगरखा उतरवून जमिनीवर आडवा होतो आहे, हे दृश्य ज्या मुलांनी पाहिले, त्यांना व्यायाम हा हलका विषय आहे असे कोण सांगणार? आपल्या पद्धतीची त्यांनी दहा अवस्थांत बांधणी केली आणि पुस्तक लिहिले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा तिथल्या लोकांनाही नमस्कार दाखवले. लुईज मॉर्गन या बाईंनी ते इंग्रजी वाचकांपुढे मांडले आणि १९३८ मध्ये त्यांच्या संपादनाखाली लंडनहून पुस्तक निघाले. अमरावतीची मुले बर्लिनला गेली त्याच वर्षी औंधचा राजा लंडनमध्ये हे सांगत होता, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

या सक्तीत खटकण्याजोगे काही नव्हते असे नाही. राजाचा छंद प्रजेचा नेम झाला, अशी टीका करता येते. सगळ्या मुलांना एकच व्यायाम मानवतो असेही नाही. खेळातली मजा, हारजीत, दोस्ती नमस्कारात येत नाही. शिवाय त्यांच्या पद्धतीत मंत्रांना मोठे स्थान होते. सर्व धर्मांची मुले ज्या वर्गात बसतात, त्या आजच्या शाळेत ते जसेच्या तसे आणता येणार नाही आणि आणूही नये. पण सक्तीचे राज्य करणारा हा माणूस सत्तेला चिकटून बसला नाही, हेही त्याच आयुष्यात दिसते. १९३८ मध्ये त्यांनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते आपल्या विदर्भात, सेवाग्रामला, गांधीजींकडे सल्ल्यासाठी आले. १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर उभारलेली नवी राज्यघटना औंधात लागू झाली.

मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी भवानराव गेले. आप्पासाहेबांनी वडिलांचा नेम चालवला आणि पुढे त्यावर पुस्तकही लिहिले. औंधच्या टेकडीवरचे भवानरावांचे चित्रसंग्रहालय आजही लोक पाहायला जातात. पण शाळेच्या त्या तासाला आता राजाचा पाठिंबा उरला नाही.

राजाची जागा कायद्याने घ्यावी अशी आपली अपेक्षा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मैदान आहे, खेळाचे साहित्य आहे. शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षकाचीही तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांना, तीही शंभरावर मुले असतील तर. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी असा वेगळा माणूस कायद्याने मागितलेला नाही. म्हणजे ज्या वयात धावणे, उडी मारणे, तोल सांभाळणे अंगात मुरते, त्याच वयात हा तास वर्गशिक्षकाच्या सवडीवर सोडलेला आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर तरी अंग घामेजेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या नातवाच्या आठवड्यातले दोन तास गणिताने आणि वह्यांनी खाल्ले.

शाळेला भेटायला गेलो तर काय मागायचे, याचा विचार मी अकोल्याहून परतताना गाडीत करत होतो. नवा शिक्षक मागितला तर मुख्याध्यापक वरच्या कार्यालयाकडे बोट दाखवतील, आणि त्यांचे चुकणारही नाही. पण बुधवारचा तास बुधवारी व्हावा, बाईंनी साडीचा पदर खोचून मुलांबरोबर मैदानाला दोन फेऱ्या माराव्यात, आणि पालकसभेत गणिताच्या गुणांबरोबर त्या तासाचीही चौकशी आपण करावी, एवढे तर होण्याजोगे आहे. पालक ज्याची चौकशी करत नाहीत, त्याचा तास शाळेत फार दिवस टिकत नाही.

मुलीला फोन करून मी पुढच्या पालकसभेची तारीख विचारून ठेवली आहे. तोवर नातू सुट्टीला अमरावतीला येणार आहे. गच्चीवर सतरंजी अंथरून बसलो की तो आधी माझ्याकडे बघतो, म्हणून मी स्वतःपासून सुरुवात केली आहे. सध्या सहा नमस्कार होतात. सातव्याला गुडघा कुरकुरतो.