प्रेडिक्शन मार्केट शिकायचंय? आधी प्रेमचंद रायचंद समजून घ्या

मागच्या वर्षी आयपीएलच्या काळात मी एका ओपिनियन अ‍ॅपवर ३,२०० रुपये घालवले. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची डिग्री, रोज कोड लिहिणारा मी! तरी गणित चुकलं. नंतर वाचताना एक माणूस सापडला, ज्याने हाच खेळ दीडशे वर्षांपूर्वी करोडोंत खेळला होता. आज त्याची गोष्ट.

आधी बेसिक

प्रेडिक्शन मार्केटमध्ये प्रश्न असतो: अमुक गोष्ट होईल का? हो किंवा नाही. बरोबर निघालं तर समजा १० रुपये, चुकलं तर शून्य. 'हो' ६ रुपयांना मिळतंय म्हणजे गर्दीच्या मते शक्यता ६० टक्के. तुमच्या मते ती ८० टक्के असेल तर सरासरी फायदा २ रुपये. पण तुमचे ८० टक्के कशावरून? खरी गोम इथेच आहे.

सुरतेचा मुलगा, मुंबईचा दलाल

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ चा, सुरतेचा. कुटुंब मुंबईत आलं, मुलगा इंग्रजी शिकला. तेव्हाच्या देशी शेअर दलालांत इंग्रजी लिहिता-वाचता येणारे जवळपास नव्हतेच, त्यामुळे हा पोरगा लवकर पुढे गेला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, मग सगळी मागणी आपल्याकडे वळली. मुंबईत पैसा ओतू लागला. आता विचार करा: कापसाचा भाव कशावर ठरत होता? युद्ध किती दिवस चालेल, यावर! म्हणजे अख्खी मुंबई एकाच प्रश्नावर 'हो-नाही' खेळत होती, फक्त त्याला तसं नाव नव्हतं. असं सांगतात की विलायतेची बातमी सगळ्यांच्या आधी मिळावी म्हणून प्रेमचंद जहाजाला गाठायला समुद्रात होड्या पाठवत. आजच्या भाषेत, सगळ्यात फास्ट नोटिफिकेशन त्यांच्याकडे.

नवीन बँका, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या, सगळीकडे त्यांचा हात होता. बॅकबे कंपनीचा ५,००० चा शेअर ५०,००० पर्यंत चढला. बरेचसे सौदे वायद्याचे: आज भाव ठरवा, पैसे १ जुलै १८६५ ला द्या. वर बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्ज देत होती आणि त्या बँकेत प्रेमचंदांचा शब्द चालायचा.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं, दक्षिणेच्या सैन्याने शरणागती पत्करली. कापूस कोसळला. १ जुलै उजाडला तेव्हा ज्यांनी वायदे केले होते त्यांच्याकडे द्यायला पैसेच नव्हते. २,८५० रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ वर आला. पुढच्या वर्षी खुद्द प्रेमचंदही बुडाले.

आमच्या नगरशी काय संबंध?

मी श्रीगोंदा तालुक्यातला. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी शेअर कधी पाहिलाही नव्हता. पण तेजीत सावकारांनी कर्ज देताना हात सैल सोडला होता. मंदी आली, भाव पडले, सरकारने शेतसाराही वाढवला आणि व्याज मात्र तसंच वाढत राहिलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा झाला. तो श्रीगोंदा, पारनेर भागात पोचला. लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली. मुंबईत पैज लावणारे वेगळे आणि फटका बसलेले वेगळे, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या देशी दलालांनी आपली संघटना उभी केली, तीच आजची बीएसई. तिच्या उभारणीत प्रेमचंद होते. बुडाल्यावर ते पळून गेले नाहीत, पुन्हा धंद्याला लागले. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला, नाव त्यांच्या आईचं. कलकत्ता विद्यापीठाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही त्यांचीच. १९०६ मध्ये ते गेले.

मग सुरुवात कशी करायची?

सरळ सांगतो: भारतात सध्या पैसे लावून नाही. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने सावध केलं की ओपिनियन ट्रेडिंग तिच्या देखरेखीखाली येत नाही, म्हणजे शेअर बाजारातलं संरक्षण तिथे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदाही झाला. शिकायचंच असेल तर मॅनिफोल्डवर खोट्या नाण्यांनी खेळा किंवा मेटाक्युलसवर नुसते अंदाज नोंदवा. आणि तीन गोष्टी वहीत लिहा:

१. निकाल कोण, कधी, कुठल्या नियमाने ठरवणार?
२. समोरच्याला माझ्याआधी बातमी मिळते का? मुंबईत होड्या मोजक्यांच्याच होत्या.
३. हे पैसे माझे आहेत की उसने? उसने असतील तर तिथेच थांबा.

माझे ३,२०० गेले तेव्हा त्यातले २,००० रूममेटचे होते. ते फेडायला दोन महिने लागले. प्रेमचंदांकडे होड्या होत्या, बँक होती, तरी १ जुलै टळला नाही. आपल्याकडे तर फक्त मोबाईल आहे.